मानोऱ्याच्या गाडीतला डबा

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा. भांडायला येणार नाही मी. पण जिच्यासोबत हे घडलं ती वैभवी माझ्या मावसभावाची मुलगी आहे, आणि त्या संध्याकाळपासून ती दार बंद असलेल्या खोलीत बसू शकत नाही. थंडीतसुद्धा दार किलकिलं ठेवून झोपते.

वाशिम. मागच्या वर्षीचा जुलै महिना.

अमावस्या नव्हती. वादळ नव्हतं. साधा मंगळवार होता आणि वेळ दिवेलागणीची, म्हणजे माणसं भाजीची पिशवी घेऊन घराकडे वळतात ती.

गल्लीचं नाव सांगणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

वैभवी शिरपूर जैनच्या अलीकडच्या एका खेड्यातली. बारावीला चांगले मार्क पडले आणि वाशिमच्या कॉलेजात बीएस्सीला नंबर लागला. सरकारी वसतिगृहाचं काही खरं दिसत नव्हतं आणि कॉलेज तर सुरू झालेलं. म्हणून बापलेक त्या दिवशी सकाळच्या गाडीने होस्टेल बघायला निघाले.

बाप म्हणजे माझा मावसभाऊ शालिग्राम. माणूस वाईट नाही. पण पोरगी नजरेआड झाली की याचा जीव टांगणीला. त्यात घरच्या-दारच्यांनी कान भरलेले. गाडीत बसायच्या आधीच त्याने वैभवीला अट सांगून टाकली.

“ज्या होस्टेलले सांजच्याले बाहेरून कुलूप लागते, तिथंच राहाचं. तसं नाही भेटलं तं वापस. उद्या रिसोडचे पाहुणे येऊन राह्यले, त्यायले हो म्हनून टाकू.”

म्हणजे कुलूप सापडलं तर कॉलेज, नाही सापडलं तर लग्न.

बिचारी पोरगी सकाळपासून मनातल्या मनात देवाकडे कुलूप मागत होती.

पहिली जागा कॉलेजच्या मागेच होती. खाली सुलतानबीचं बांगड्यांचं दुकान, वर मुलींच्या खोल्या. तिची सून उमेरा वर घेऊन गेली. उजेड होता, वारा होता. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला आणि आत मुली कशावरून तरी खिदळत होत्या. वैभवीचा जीव तिथेच जडला.

शालिग्रामने खाली येऊन एकच प्रश्न विचारला.

“कुलूप कधी लावता?”

“कुलूप?” सुलतानबी म्हणाली. “आतून कडी हाय ना भाऊ. पोरी लावून घेतात.”

“अन् बाहेरून?”

“बाहेरून कायले? पोरी हायेत, बकऱ्या नाहीत.”

एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून शालिग्राम पायरी उतरला. वैभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलतानबीला ते दिसलं असावं. आता कुठं जाता, असं तिने विचारलं. शालिग्रामने गल्ली सांगितली, तिथे होस्टेल चालवणाऱ्या रंगूबाईचं नाव सांगितलं.

सुलतानबीच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज थांबला...

“जागा पाहून घे बेटा,” ती वैभवीला हळूच म्हणाली. “पन दाराले आतून कडी हाय का, तेवढं पाह्य.”

“काहून?”

“पाह्य म्हन्लं ना. तुही खोली मी उद्यापरेंत कोनाले देत नाही.”

कॉलेजची कामं उरकून ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. रंगूबाईचं घर गल्लीच्या शेवटाला होतं. दोन मजली, पक्कं, रंगवलेलं. रंगूबाई दारातच उभी होती. कधीकाळी चांगली जाडजूड असावी, कारण पोलकं तिच्या अंगावर नुसतं लोंबत होतं. कमरेला चाव्यांचा झुबका. सगळ्या मुली तिला मावशी म्हणतात, असं तिनेच सांगितलं.

“माझ्या इथून चिमनी उडत नाही भाऊ, चिमनी. सांजचा दिवा लागला का कुलूप. मंग कोनी रडो का पडो, सकाळीच उघडते.”

शालिग्रामचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदा.

वैभवी मात्र दाराबाहेरची फरशी बघत होती.

तिथे एकही चप्पल नव्हती...

“बाकीच्या पोरी कुठं हाय मावशी?”

“गावी गेल्या. सन हाय ना.”

कोणता सण, ते वैभवीला आठवेना.

वर एकच मोठी खोली होती. रांगेने लोखंडी खाटा, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. खिडकीखालच्या एकाच खाटेवर मात्र अंथरूण घातलेलं होतं. उशीला खड्डा पडलेला, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा. रंगूबाई आत आलीच नाही. उंबरठ्याबाहेर उभी राहून तिथूनच हात करून दाखवत होती.

वैभवीने दार लोटून मागची बाजू पाहिली.

आतून कडी नव्हती.

होती कधीतरी. स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. आणि हाताच्या उंचीवर रंगाचा एक वेगळाच पट्टा मारलेला. तिने त्यावरून बोटं फिरवली. रंगाखाली ओरखडे लागले...

“बाबा, आतून कडी नाही.”

“बरंच हाय ना. आतून लावून घेतली तं मावशी उघडन कशी?”

पोरगी पुढे बोलली नाही. बोलली असती, पण डोळ्यांपुढे रिसोडचे पाहुणे चहा पीत बसले होते. अडला हरी म्हणतात, तसं झालं होतं तिचं. तिने मान हलवली.

जागा ठरली.

खाली रंगूबाईने चहा टाकला. टीव्हीवर मालिका चालू होती. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. गावाकडची शेवटची गाडी निघायला वेळ होता, म्हणून शालिग्राम निवांत बशीत चहा ओतून पीत होता.

तेवढ्यात दाराशी ऑटो थांबला.

शहबाज नावाचा ऑटोवाला. त्याने एक स्टीलचा डबा उंबरठ्यावर ठेवला. आत पाहिलं नाही, वर पाहिलं नाही.

“मानोऱ्याच्या गाडीतला डबा,” एवढं बोलून तो निघून गेला.

आमच्याकडे ही रीतच आहे. पोरं तालुक्याला, जिल्ह्याला शिकायला जातात आणि त्यांचा डबा रोज एसटीने येतो. आई स्वयंपाक करून डबा ड्रायव्हरच्या हाती देते, पोरगं स्टँडवर जाऊन घेतं. नाही जाता आलं तर ऑटोवाला आणून देतो. त्यामुळे वैभवीला डब्याचं काहीच नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते रंगूबाईचं. ती डब्याकडे बघेचना. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग...

ठप.

वरून. लाकडावर तळहात मारल्यासारखा आवाज.

शालिग्रामने बशी खाली ठेवली. “वरतं कोनी हाय काय?”

“उंदरं,” रंगूबाई म्हणाली.

ठप... ठप...

रंगूबाईचा चेहरा राखेसारखा झाला. तिने वैभवीचा हात धरला.

“बाई, तेवढा डबा वर नेऊन ठेव ना. खिडकीखालच्या खाटेपाशी. ठेवला का शांत होते.”

“काय शांत होते?”

“उंदरं.”

दारात आलेलं अन्न असं उंबरठ्यावर ताटकळत ठेवायचं, हे वैभवीला मुळातच पटलं नव्हतं. तिने डबा उचलला.

आणि तिचा हात भाजला.

मानोऱ्याहून वाशिमपर्यंत आलेला डबा. चुलीवरून आत्ता उतरवल्यासारखा गरम...

झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं. पौर्णिमा धरमसिंग राठोड.

“पौर्णिमा कोन मावशी?”

रंगूबाईने टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

वैभवी ओढणीत डबा धरून वर गेली. तिचं पाऊल पहिल्या पायरीवर पडलं आणि ठपठप थांबली. वरचं दार उघडं होतं. खोलीत कुणी नव्हतं. डबा खाटेपाशी ठेवायचा आणि पळायचं, असं तिने ठरवलं होतं.

पण तिच्या आईची एक शिकवण आहे. अन्न कुणापुढे नुसतं टाकायचं नाही. उघडून द्यायचं, शेजारी पाणी ठेवायचं आणि जेव म्हणायचं. कुत्र्यापुढे टाकतो ते वेगळं आणि माणसाला वाढतो ते वेगळं.

ती परत वळली. डबा उघडला. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. तिने आपली पाण्याची बाटली शेजारी ठेवली.

“जेव बाई,” ती रिकाम्या खाटेला म्हणाली.

स्वतःचंच तिला हसू आलं. ती दाराकडे निघाली.

आणि मागे...

भाकर मोडल्याचा आवाज आला.

तिने मागे पाहिलं नाही. पाहण्याइतका जीव उरलाच नव्हता तिच्यात. पाय जमिनीला खिळलेले. मागे कुणीतरी सावकाश चावत होतं.

मग आवाज आला. तिच्याच वयाच्या मुलीचा, तोंडात घास असताना बोलावं तसा.

“बाकीच्या नुस्त्या टाकून पयतात... तू जेव म्हन्ली.”

परत भाकर मोडल्याचा आवाज आला.

“तू जाय. तुह्यं काही काम नाही इथं. जाताना मावशीले वर पाठव.”

पुढचं वैभवी सांगते तेव्हा तिचा आवाज खाली जातो. “काका, मी तशीच गावाकडं पयून जाऊ शकत होती,” ती म्हणते. “पन त्या दारावरचे ओरखडे माह्या बोटाले अजून लागून राह्यले होते. मले राग आला होता. लय राग.”

ती जिन्यावर आली आणि हाक मारली.

“मावशी, तुमाले वर बोलावलं.”

खाली रंगूबाई जागची हलली नाही. पण समोर नवं गिऱ्हाईक बसलेलं. शालिग्रामच म्हणाला, “जा ना मावशी. पोरगी बोलावते. काही पाहिजे असन तिले.” आता नाही कसं म्हणणार? आताच तर चिमणी उडत नाही म्हणून फुशारकी मारली होती. रंगूबाई उठली. एकेक पायरी धरत वर गेली. मागून शालिग्रामही निघाला.

वैभवी जिन्यातच भिंतीला चिकटून उभी होती.

रंगूबाई उंबरठ्याशी थांबली. आत डोकावून पाहायला म्हणून तिने एक पाय आत टाकला.

फक्त एक पाय...

धाडकन दार लागलं.

बापलेक दोघंही डोळ्यांनी बघत होते. बाहेरची कडी आपोआप सरकली. बाजूच्या खुंटीवर लटकणारं भलंमोठं कुलूप आता कोयंड्यात होतं. कुणी उचललं नाही, कुणी लावलं नाही. फक्त ‘खट’ असा आवाज आला. आणि चाव्या तर रंगूबाईच्याच कमरेला, आत.

“उघडा! भाऊ, उघडा! उघडा ना!”

ठप. ठप. ठप.

शालिग्रामने कुलपाला हिसके दिले. खाली टीव्हीचा आवाज वाढत गेला. वाढतच गेला. खाली तर कुणीच नव्हतं...

मग आतून दुसरा आवाज आला. शांत. हसरा.

“नाटकं करू नको. सकाळी पाहू.”

“पोटात दुखते वं... मले दवाखान्यात न्या...” ही रंगूबाई होती. आवाज तिचा, पण शब्द कुणीतरी तिच्याकडून म्हणवून घेत असावं तसे.

“बाहेर हिंडाले पाहिजे तुले. समजते मले सगळं.”

“नाही वं... खरंच दुखते...”

“सांजचा दिवा लागला का कुलूप.”

शालिग्रामने वैभवीला ओढतच रस्त्यावर आणलं. आरडाओरड ऐकून गल्ली जमा झाली. शहबाज कोपऱ्यावरच होता, त्याने सुलतानबीला आणलं. कुणी लोखंडी सब्बल आणली, कुणी कुलूपवाल्याला बोलावलं. सब्बल वाकली, पण कुलपाला ओरखडासुद्धा पडला नाही. कुलूपवाल्याने हात लावला आणि झटक्यासरशी मागे घेतला. ते तापलेल्या तव्यासारखं झालं होतं.

थोड्या वेळाने आतून हाका यायच्या थांबल्या. नुसतं कण्हणं उरलं.

सुलतानबीने बापलेकांना आपल्या घरी नेलं. तिथे त्यांना पौर्णिमा कोण ते कळलं.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची मुलगी. नर्सिंग शिकत होती. बाप धरमसिंग ऊसतोडीला गेलेला, आई पंचफुला घरी म्हाताऱ्यांपाशी. आदल्या दिवाळीला सगळ्या मुली गावी गेल्या, ही परीक्षेच्या अभ्यासासाठी एकटीच थांबली. त्या संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. गाडीला उशीर झालेला, डबा आला तेव्हा कुलूप लागून गेलं होतं. डबा बाहेर आणि पोरगी आत. दार बडवलं तिने. गल्लीतल्यांनी ऐकलंही. पण रंगूबाईने नाटकं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी दार उघडलं तेव्हा ती दारालाच टेकून बसलेली होती.

आजारपणाने गेली, असं ठरलं. प्रकरण मिटलं. मिटवलं.

“अन् तवापासून डबा येतेच,” सुलतानबी म्हणाली. “पोरी होत्या तंवर पोरी वर नेऊन ठेवत. मंग एकेक पोरगी पयाली. म्हनून रंगूबाईले नवी पोरगी पाहिजे होती, समजलं काय भाऊ? डबा वर नेयाले.”

शालिग्रामने वैभवीचा हात धरून ठेवला होता, आणि तो आपल्या हयातीत पहिल्यांदा माणसांदेखत रडला.

सकाळी उजाडल्यावर ते कुलूप जिन्यात पडलेलं सापडलं. उघडं.

रंगूबाई जिवंत होती. दाराला टेकून, पोट धरून बसलेली. बोटांची नखं उरलेली नव्हती. आणि खाटेपाशी डबा होता. रिकामा. घासून, धुऊन, पालथा घातलेला.

बुधवारी रिसोडच्या पाहुण्यांना शालिग्रामनेच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. वैभवी सुलतानबीकडे राहिली. शालिग्राम गावी परतण्याआधी त्या खोलीत गेला आणि आतून कडी लावून बघितली, काढून बघितली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. उमेराला हसू आवरेना. पण वैभवीला हसू आलं नाही.

रंगूबाईच्या पुतण्याने त्या खोलीचं दार चौकटीसकट काढून टाकलं. तरी काही फरक पडला नाही. ज्यांनी पाहिलंय ते सांगतात, दिवेलागण झाली की रंगूबाई त्या मोकळ्या भगदाडात उभी राहते आणि हवेवर तळहात मारते. समोर काही नाही. एक पाऊल टाकलं तर बाहेर.

पण आवाज येतो...

लाकडाचा.

पुढे हिवाळ्यात शालिग्राम एका नातेवाइकासोबत पोहरादेवीला गेला होता. परत येताना मानोऱ्याच्या स्टँडवर त्याला एक बाई दिसली. वाशिमच्या ड्रायव्हरच्या हाती डबा देत होती. झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव पाहून त्याने ओळखलं. त्याच्याने राहवलं नाही.

“बाई, पोरगी तं गेली. मंग डबा काहून धाडता?”

पंचफुलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“भाऊ, उपाशी मानूस थकते,” ती म्हणाली. “थकलं का माफ करून टाकते. मी तिले उपाशी राहू नाही देत.”

एवढं बोलून ती पदर सावरत निघून गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो. रंगूबाई उन्हाळ्यात गेली. संपलं एकदाचं, असं सगळ्यांनाच वाटलं. आता जून लागलाय. पुतण्याने वरच्या खोलीला नवीन दार बसवलं, नवीन रंग दिला आणि बाहेर पाटी लावली. ‘मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह. सायंकाळी कुलूप.’ परवा मी तिकडून गेलो तर एक बाप आपल्या मुलीला ते कुलूप बोटाने दाखवत होता. खूश होता बिचारा. मी थांबून काही सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

काल शहबाज भेटला.

डबा येतोय म्हणाला. नवा आहे, आधीपेक्षा मोठा. हातात धरवत नाही इतका गरम. रंगूबाई तर गेली, मग आता तो कुणाला द्यायचा, म्हणून त्याने ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, “पोरीच्या मायनं सांगतलं, ज्याच्या कमरेले चाव्या असन, त्याले दे.”

शहबाजने डबा उंबरठ्यावर ठेवला. पुतण्या बाहेर आला आणि तो आत घेऊन गेला.